एका दमातली रेघ

“थांबव! थांबव गं सुनेत्रा, रेघ घसरली!”

छबूआत्या ओरडली खरी, पण मी बटण दाबेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. मशीननं डब्याच्या झाकणावर नाव घातलं होतं. अक्षरं झकास उठली होती. सगळ्यात शेवटी ओढायची ती वरची रेघ मात्र अक्षरांच्या डोक्यावर बसायची सोडून बोटभर उजवीकडं जाऊन पडली होती. पहिलं अक्षर बोडकं आणि शेवटच्या अक्षरापुढं रेघेचं शेपूट.

झुंबरशेठ मुनोतांनी झाकण उचललं, चष्मा कपाळावर चढवला, झाकण डोळ्यांजवळ नेलं आणि काउंटरवर ठेवून दिलं. त्यांचा पुतण्या अभय मात्र गप्प बसणाऱ्यांतला नव्हता.

“सुनेत्राताई, वारा सुटल्यावर दोरीवरचे कपडे सरकतात ना, तसं दिसतंय हे,” तो म्हणाला.

दुकानातली गिऱ्हाईकं हसली. दुसऱ्या कुणाचं मशीन असतं तर मीही हसले असते. माझं होतं, म्हणून कानशिलं तापली.

“शेठ, मला थोडा वेळ द्या.”

“मी कुठं नाही म्हणतोय? अक्षय तृतीयेपर्यंत आहे की वेळ. त्यानंतर अभयचं लेझर मशीन येतंय पुण्याहून. मग छबूबाईंनी घरी बसून आराम करावा. पुष्कळ केलं त्यांनी या दुकानासाठी.”

शेठ हे मायेनं बोलले, आणि म्हणूनच त्यावर भांडता येईना. आत्यानं ते झाकण उचलून पदराखाली घेतलं, जणू घरातल्या पोरानं चारचौघांत काही सांडून ठेवलं होतं.

बार्शीत लग्न ठरलं की आधी मांडववाला गाठायचा आणि मग छबूआत्या. शेठच्या भांड्यांच्या दुकानाच्या दारात तिचं स्टूल असायचं. आतोबा गेल्यावर ती त्या स्टुलावर बसली ती तिथलीच झाली. हातात नावं घालायचं विजेचं पेन, मांडीवर फडकं, फडक्यावर ताट. गिऱ्हाइकानं नाव सांगायचं, हिनं घालायचं. चि. सौ. कां. अमुक हिस तमुक यांजकडून सप्रेम भेट. गावातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात जा आणि ताट पालथं करा, आत्याचं अक्षर सापडायचंच. थोडं उजवीकडं कललेलं, गोलाईला गुबगुबीत, आणि वर एका झटक्यात ओढलेली हलकी रेघ.

वर्षभरापूर्वी तिचा हात कापायला लागला. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, गोळीनं थोडं कमी होईल, पुरतं जाणार नाही. आधी ळ बिघडला, मग क्ष. एका नवरीच्या आईनं कळशी परत आणली. आत्या त्या दिवशी घरी येऊन म्हणाली, “पेनानं थरथरायचं असतं, हातानं न्हाई.” आणि हसली. मी हसले नाही.

आत्या आमच्याकडंच राहायची. स्टूल गेलं तर ती घरी बसणार. घरी बसणं म्हणजे माझ्या आईच्या हुकमाखाली कांदे चिरणं, तेही कापऱ्या हातानं. या दोघींचं कधी पटलं नव्हतं. पण खरं ते तेवढंच नव्हतं. दारातल्या स्टुलावर बसलेल्या आत्याला अख्खं गाव नावानं हाक मारत जायचं. घरात तिला हाक मारणारी मी एकटी.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता आणि पुढच्या खोलीत लोकांचे इन्व्हर्टर दुरुस्त करायची. म्हटलं, आत्याचा हात नाही चालत ना, मशीनचा चालवू. भंगारातल्या मोठ्या प्रिंटरांच्या मोटरा काढल्या. ड्रॉवरला लावतात त्या पट्ट्यांवर एक गाडा बसवला, तो डावीउजवीकडं आणि पुढंमागं फिरेल असा. गाड्यावर आत्याचं पेन, आणि पेन उचलायला-टेकवायला एक विजेचा खटका. माझ्या जुन्या कॉम्प्युटरमधून हुकूम.

अक्षरं मात्र कॉम्प्युटरमधली घेतली नाहीत. ती मी गावातून गोळा केली. बटर पेपर आणि पेन्सिल घेऊन घरोघर फिरले. मावशी, तुमचं जुनं पातेलं दाखवा. काकू, लग्नातली परात आहे का हो अजून? ज्ञ मिळाला कोष्ट्यांच्या गल्लीत एका यज्ञेश्वराच्या घंगाळावर. लोकांना वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. पण त्या भांड्यांवर आत्याचा जुना हात होता, न कापणारा, आणि मला तोच हवा होता.

एवढं सगळं जमलं होतं आणि नडली ती वरची रेघ.

मशीन घेऊन घरी आल्यावर आत्यानं पदराखालचं झाकण काढलं आणि रेघेवरून अंगठा फिरवला. “अक्षरं माझी हायत. रेघ कुणाची हाय ही?”

“रेघ पण तुझीच आहे. मोटर चुकली.”

“मोटर कशी चुकती? तिला काय दारू पाजलीस का?”

मी तिला समजावलं. ही मोटर पंख्यासारखी गरगरा फिरत नाही, एक-एक पाऊल टाकत फिरते. कॉम्प्युटर पावलं मोजून सांगतो आणि मोटर तेवढी टाकते. अक्षरं घालताना ती सावकाश चालते. पण शेवटचं अक्षर संपलं की रेघेसाठी तिला उजव्या टोकाकडून डावीकडं धावत यावं लागतं. त्या धावण्यात तिची काही पावलं हुकतात. कॉम्प्युटरला ते कळत नाही. त्याला वाटतं, आली डाव्या टोकाला, आणि तो रेघ ओढायला सांगतो.

“मग हळू चालव की. अभय तेच म्हणत हुता आपण निघताना.”

अभयचा सल्ला ऐकायची मला हौस नव्हती, पण ऐकला. नुसती परतीची रिकामी धाव हळू केली, तर रेघ ओढतानाच पावलं हुकून ती आखूड पडली; म्हणून सगळीच गती अर्ध्यावर आणली. रेघ बरोबर जागेवर आली. पण ते पेन थरथरत टोचे मारत जातं. हळू गेलं की टोचे जवळजवळ पडतात. पातळ पत्र्यावर रेघ जाड, काळी आणि खरबरीत उठली.

आत्यानं ती पाहिली. “ही रेघ न्हाई, नांगरट हाय. वरची रेघ एका दमात जायला पायजे. मधी थांबलं की वझं पडतंय तिच्यावर.”

शिवाय एका ताटाला एवढा वेळ लागायला लागला की लग्नसराईत गिऱ्हाईक दारातच म्हातारं झालं असतं.

तेव्हा मोटर हळू चालवायची नाही हे पक्कं झालं. मग मी सगळे करतात तो उपाय केला, करंट वाढवला. मोटरला कुठल्या क्षणी किती करंट द्यायचा हे ठरवणारं एक छोटं सर्किट असतं, त्याला ड्रायव्हर म्हणतात. माझे ड्रायव्हर तयार आणलेले, पोस्टाच्या तिकिटाएवढे. त्यांच्यावरचा चिमुकला स्क्रू मी पिळत गेले. मोटर तापली, ड्रायव्हर तापला, आणि एप्रिलातल्या बार्शीत पत्र्याखाली आणखी काय होणार? नाव अर्ध्यावर असताना ड्रायव्हर तापून आपोआप बंद पडला. पंखा लावला तर पाऊण नावावर बंद पडला. रेघ घसरायची ती घसरलीच.

दोन दिवस मी चिडचिड केली, आईशी भांडले, एका गिऱ्हाइकाचा इन्व्हर्टर उलटा जोडला. मग डोकं शांत झाल्यावर वही-पेन न घेता नुसती मोटरकडं बघत बसले आणि लक्षात आलं, की मी चुकीचा स्क्रू पिळतेय. मोटरला करंट कमी पडत नव्हता. तो वेळेवर पोचत नव्हता. मोटरीतल्या तारेच्या वेटोळ्यांत करंट चढायला वेळ लागतो. सावकाश चालताना तो वेळ मिळतो. धावताना, वेटोळं भरायच्या आत पुढच्या पावलाची वेळ होते. जोर लावायला लागतो तो मागून, व्होल्टेजचा.

“आत्या, ड्रायव्हर बदलायचे. मी बनवणार.”

“ड्रायव्हर बदलल्यावर गाडी नीट चालंल?”

“चालेल. व्होल्टेज वाढवायचं.”

“मोटरच्या अंगावर किती लिवलंय?”

“पाच.”

“आन् तू किती देणार?”

“तिसाच्या वर.”

आत्यानं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. “आगं, भाजून निघंल की ती.”

“नाही निघणार. तांब्या झटकन भरायचा असला तर तू काय करतेस? नळ पूर्ण सोडतेस आणि पाणी काठाला आलं की बंद करतेस. ड्रायव्हरचं काम तेच. जोरात सोडायचं, काठाला आलं की तोडायचं. सेकंदात हजारो वेळा.”

“हजारो वेळा नळ बंद करायचा? त्यापरीस मी हातानं घालते बाई नाव,” ती म्हणाली. पण मला पुण्याच्या एस. टी. त बसवायला तीच आली, सोबत पोळीचा लाडू बांधून.

तयार मोठे ड्रायव्हर मिळत नव्हते असं नाही. पण ते कारखान्यातल्या दांडग्या मोटरांसाठीचे. माझ्या प्रिंटरच्या मोटरांना सोसेल तेवढाच करंट सोडतील आणि तरी दणकून व्होल्टेज झेलतील, असे मला कुठंच सापडले नाहीत. म्हणून बुधवार पेठेतून ड्रायव्हरच्या नुसत्या चिप आणल्या. दोन मोटरांना दोन आणि हाताशी एक जादा. ट्रान्सफॉर्मर आमच्या शेजारच्या वाइंडिंगवाल्याकडून गुंडाळून घेतला.

सर्किटाची पाटी घरीच करायची होती. तांब्याचा पत्रा चिकटवलेली पाटी असते. तिच्यावर नको असलेलं तांबं एका तपकिरी द्रावणात बुडवून खाऊ घालायचं. मला प्लास्टिकचं भांडं हवं होतं. आई म्हणाली, माझ्या डब्यांना हात लावायचा नाही. आत्या म्हणाली, “प्लास्टिक कशाला? भांड्याच्या दुकानात बसणारीच्या घरात स्टीलला तोटा हाय का?” आणि चांगली जाडजूड परात दिली. मी घाईघाईत पाटी आणि द्रावण तिच्यात घातलं आणि अर्ध्यावर सोडलेल्या इन्व्हर्टरकडं धावले. परत येऊन पाहते तर पाटीवरचं तांबं जसंच्या तसं, आणि द्रावणानं खाल्ली होती परात. देवी येऊन गेल्यासारखा तिचा तळ झाला होता. आत्यानं परात उचलून पालथी केली.

“आयएसआय मार्क हुता तिच्यावर,” ती म्हणाली.

दुसरं द्रावण आईच्या आइस्क्रीमच्या डब्यात केलं. या वेळी डबा तिनंच काढून दिला.

पाटी झाली. चिप बसवल्या, त्यांच्या पाठीला ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या जोडल्या. करंट किती चाललाय हे मोजायला दोन जाडजूड रेझिस्टर लावले, आणि काठ ठरवला, अगदी बेतानं, मोटर हाताला कोमट लागेल एवढाच. संध्याकाळी पहिल्यांदा वीज दिली. मोटर गुरगुरली नाही, खडखडली नाही, नुसती सळकन या टोकाकडून त्या टोकाला गेली. मी पुन्हा पाठवली. पुन्हा सळकन. मी आईला ओरडून हाक मारली, आई पोळ्या टाकायच्या सोडून आली आणि “एवढंच?” म्हणून परत गेली.

आत्या उठली. “जरा कंबर मोकळी करून येते,” म्हणाली, आणि उठता उठता तिनं सवयीनं वायरीची पिन ओढून काढली.

तिची ही सवय सगळ्या बाजारपेठेला माहीत होती. स्टुलावरून उठायचं तर पेनाची पिन काढूनच. विजेवर तिचा विश्वास नव्हता. फक्त तिनं भिंतीतली पिन ओढली नव्हती, मोटरची ओढली होती, आणि वीज चालू होती.

फट्ट आवाज आला आणि चिपमधून धुराची बारीक रेघ वर गेली.

वेटोळ्यातली वीज अशी मध्येच तोडली की ती जायला जागा शोधते आणि ड्रायव्हरवर उलटते. हे मला माहीत होतं, आत्याला नव्हतं. मी तोंड उघडलं, तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि मिटलं. ओढलेली पिन अजून तिच्या मुठीत होती.

“जादाची आहे एक,” मी म्हणाले. “त्यासाठीच आणलीये.”

“आन् तीबी गेली तर?”

“तर अभयचं ते लेझर येईल पुण्याहून.”

“मेलं ते लेझर,” आत्या म्हणाली.

जादाची चिप बसवली. मोटरच्या वायरी पिन-बिन न ठेवता थेट सोल्डर केल्या आणि सगळं सर्किट एका स्टीलच्या डब्यात झाकण लावून बंद केलं. आता ओढायला कुणाच्या हाती काही उरलं नव्हतं.

मग ताट लावलं. अक्षरं उठली. गाडा उजव्या टोकाला पोचला, पेन उचललं गेलं, आणि गाडा डावीकडं असा काही धावला की आत्यानं पाय मागं घेतला. पेन टेकलं. रेघ निघाली आणि संपली. बरोबर डोक्यांवर, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, हलकी, एका दमातली. मी रडले. कारण नसताना नाही, चांगलं भरपूर कारण होतं.

आत्यानं रेघेवरून अंगठा फिरवला. “हां,” ती म्हणाली. “ही माझी.”

अक्षय तृतीया तोंडावर आली होती. आम्ही मशीन हातगाडीवर घालून दुकानात नेलं. शेठ कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी स्वतःचंच नाव सांगितलं, झुंबरलाल चुनीलाल मुनोत, गावासकट, एका ओळीत, सगळ्यात मोठ्या ताटावर. जेवढी लांब ओळ तेवढी लांब धाव, हे त्यांना गेल्या वेळेवरून बरोबर उमगलं होतं.

नाव झालं. गाडा धावला. रेघ बसली.

“अजून एक,” शेठ म्हणाले. अजून एक झालं. “अजून.” तेही झालं. डब्यावर हात ठेवून पाहिला, तर कोमट. शेठनी तिन्ही ताटं एकावर एक धरून उजेडाकडं केली आणि जोरात हसले. “वा! सुनेत्रा, वा! अभय, त्या पुणेवाल्याला फोन कर. म्हणावं, नको तुमचं लेझर.”

मला पेठेत नाचावंसं वाटत होतं. आत्यानं पदरानं तोंड पुसलं आणि स्टुलाकडं वळली.

तेवढ्यात शेठ म्हणाले, “आता छबूबाईंना खरंच उन्हातान्हात यायला नको. नुसतं बटण दाबायचंय ना? ते अभयही दाबेल. मशीनचा काय मोबदला असेल तो आपण बोलू.”

लेझरला हरवायच्या नादात मी काय बनवून ठेवलं होतं ते मला तेव्हा दिसलं. आत्याला स्टुलावरून उठवायला पुण्याहून कुणी यायची गरजच नव्हती. ते काम मी घरच्या घरी केलं होतं.

“शेठ, तसं नाही...” मी सुरुवात केली.

“ऱ्हाऊ दे,” आत्या म्हणाली. तिनं फडकं घडी घातलं. “बस रं अभय. बस की. कधीतरी बसायचंच हुतं तुला.”

अभय बसला. वाईट पोरगा नव्हता तो. बसताना अवघडला होता.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते मनकर्णाबाई खुने, बाजार समितीतल्या खुनेसाहेबांची आई. नातीचं लग्न होतं. आहेराची ताटं मागच्या पोरानं डोक्यावर आणली होती आणि मनकर्णाबाईंच्या हातात आणखी एक ताट होतं, जुनं.

“छबे, हे थोरलीच्या लग्नातलं. सविताचं. तूच घातलंयस नाव. धाकटीच्या ताटावर असंच घालायचं, डिट्टो. न्हाईतर सासरी गेल्यावर म्हणंल, तायडीला चांगलं दिलं आन् मला कसलंबी.”

“आता मशीन घालतंय, आजी,” अभय म्हणाला. “पण अक्षर छबूबाईंचंच. नाव सांगा.”

“ऋजुता.”

अभयनं कॉम्प्युटरवर नाव टाकलं. पडद्यावर जुता आलं, आणि त्याच्या आधी रिकामा चौकोन.

मी पुढं होऊन पाहिलं आणि कळलं. ऋ नव्हताच. मी गल्लोगल्ली फिरून भांडी पालथी केली होती, पण त्या भांड्यांच्या काळात बार्शीत कुणी पोरीचं नाव ऋ वरून ठेवलंच नव्हतं. सगळ्या सविता, शकुंतला आणि सुमन.

“त्यात काय,” अभय म्हणाला. “कॉम्प्युटरमधला ऋ घालू.” त्यानं घातला. मशीन चाललं, रेघ बसली. मनकर्णाबाईंनी ताट हातात घेतलं आणि सविताच्या ताटाशेजारी धरलं.

“ह्यातलं पहिलं कुणाचं हाय? लग्नाला आलेल्या पावण्यावानी दिसतंय. उभं राहिलंय नुसतं, वळख ना पाळख.”

खरंच तसं दिसत होतं. आत्याच्या गुबगुबीत, कललेल्या अक्षरांच्या रांगेत ते एक ताठ, कोरडं अक्षर.

“असलं नको. दुसऱ्या दुकानात बघते मी,” मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि ताटं आणलेल्या पोराला खूण केली.

शेठ आत्याकडं वळले. “छबूबाई, एवढं एक अक्षर काढून द्या हो.”

आत्यानं काउंटरवरचा कागद ओढला, पेन घेतलं आणि बोटाच्या पेराएवढा ऋ काढला. सगळे वाकून बघत होते. गोलाई थरथरली, शेपूट वाकडंतिकडं गेलं. आत्यानं तो कागद चुरगळला. दुसरा घेतला. तोही चुरगळला. शेठ मान फिरवून कुकरांकडं बघू लागले. ते बघणं मला सोसेना.

आणि कशी कोण जाणे, पण मला त्या चुरगळलेल्या कागदातच गोष्ट दिसली. थरथर होती ती तांदळाएवढी. अक्षर पेराएवढं, म्हणून ती थरथर त्यात मावत नव्हती.

“आत्या, मोठं काढ.”

“किती मोठं?”

“ताटाएवढं. परातीएवढं. इथं फरशीवर काढ, खडूनं. लहान मी करीन.”

“फरशीवर? लोकं काय म्हणतील?”

“लोकं म्हणतील, ऋ काढला.”

मनकर्णाबाई हसल्या. आत्यानं पदर खोचला, दारातली फरशी पायानं झाडली आणि वाकली. खडू बोटांनी नाही धरला तिनं, मुठीत धरला. हात खांद्यापासून फिरला. एक वळण, दुसरं वळण, पोट, शेपूट. मग सरळ झाली, श्वास घेतला, पुन्हा वाकली आणि वरची रेघ सप्पकन ओढली. हात कापत होता का? होता. पण परातीएवढ्या अक्षराला तांदळाएवढ्या कापण्याचं काय?

मी फोनमध्ये फोटो घेतला, कॉम्प्युटरवर टाकला, त्याच्या कडांवरून रेघा धरल्या. मनकर्णाबाईंना चहा आला. त्यांनी बशीत ओतून निम्मा आत्याला दिला. मी अक्षर लहान केलं, आणखी लहान केलं, ते पेराएवढं झालं आणि त्यातली थरथर कुठं गेली ती शोधूनही सापडेना. पडद्यावर उरला तो उजवीकडं कललेला, गुबगुबीत ऋ. गावात कुणी कधी न पाहिलेला, आणि तरी आत्याचाच.

म्हणजे जुन्या भांड्यांवरनं मी उगाच आत्या गोळा करत हिंडले होते. ती तर इथंच उभी होती, बशीतला चहा पीत.

ताट लावलं. मशीननं ऋजुता घातलं. गाडा धावत डावीकडं आला आणि रेघ ओढून थांबला. मनकर्णाबाईंनी दोन्ही बहिणींची ताटं शेजारीशेजारी धरली, लांब धरली, जवळ धरली. मग त्या शेठकडं वळल्या.

“हिचा हात कापतोय म्हणून कोण बोंबलत हुतं गावात?”

अभय आपणहून उठला, आणि शेठनी स्वतःच्या खांद्यावरच्या पंचानं स्टूल झटकलं. “बसा, छबूबाई,” ते म्हणाले. “ही नवी नवी नावं ठेवतात लोकं. उद्या आणखी कुठलं अक्षर निघेल, नेम नाही. तुम्ही नसाल तर मशीनला लिहायला कोण शिकवणार?”

आत्या बसली नाही. कमरेवर हात ठेवून तिनं आधी फरशीवरच्या ऋ कडं पाहिलं, मग दुकानात पाहिलं, अगदी मागपर्यंत.

“स्टूल ऱ्हाऊ द्या अभयला,” ती म्हणाली. “वाकून कंबर धरती माझी. मला आता भिंत लागंल.”

“भिंत?”

“ती. कुकर ठिवलेत ती. काळा रंग द्या तिला. नवं अक्षर निघालं की उभ्यानं काढीन खडूनं.”

ती दुकानातली सगळ्यात मोठी भिंत होती, दारातून आत पाऊल टाकलं की पहिली नजर जायची तिथं. शेठ एकदा भिंतीकडं बघत राहिले, एकदा मनकर्णाबाईंच्या उरलेल्या ताटांकडं, एकदा आत्याकडं. मग त्यांनी बाह्या सरसावल्या, शिडी मागवली आणि स्वतःच्या हातानं कुकर उतरवायला सुरुवात केली.